थोरल्यांचा कोट

रफूवाल्याच्या बायकोचा हात कोटाच्या अस्तरात शिरला आणि बाहेर आला, घडलं ते एवढंच. अर्धी जांभई द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. ती रोजच्यासारखी दुपारचा डबा घेऊन दुकानात आली, मेजावर डबा टेकवायला जागा नव्हती, म्हणून तिनं तिथं पसरलेला राखी लोकरी कोट उचलला, आणि घडी घालता घालता तिचा हात डाव्या काखेखाली वीतभर, अस्तराच्या दोन टाक्यांमधून आत गेला. तिथं खिसा होता. रफूवाला सकाळपासून त्या कोटावर भिंग लावून ओणवा बसलेला, एकूण एक भोक खडूनं वेढून ठेवलेलं, आणि त्याला हा खिसा दिसला नव्हता. कुठला शिंपी तिथं खिसा काढतो? तिला मात्र तो न बघता सापडला, आपल्या घरात अंधारातसुद्धा दिव्याचं बटण सापडावं तसा. "रिकामाच आहे," ती म्हणाली. नवऱ्याला नव्हे, कोटाला. मग डबा सोडून वाट्या मांडू लागली. "कुणाचा गं?" त्यानं विचारलं. "थोरल्यांचा." "कोण थोरले?" "टेकडीवरचे. गावात आणखी कोण थोरले आहेत? जेवून घ्या, निवतंय."

त्यानं जेवून घेतलं. म्हणजे घास तोंडात गेले, दातांनी त्यांचं काम केलं, पण पोटात पडला तो खिसा. टेकडीवरच्या घरात लग्नाआधी दोन वर्षं ती शिवणाला होती, हे त्याला ठाऊक होतं. उलट गिऱ्हाइकांना तो कौतुकानं सांगायचा, आमच्या घरातला हात टेकडीवरचा आहे म्हणून. आणि थोरल्यांचं नाव तर चोवीस वर्षांपूर्वी अख्ख्या शहराच्या तोंडी होतं. लहानपणापासून परदेशी शिकायला ठेवलेला तो थोरला मुलगा आठ दिवसांसाठी घरी आला, आठव्या दिवशी धाकट्या भावाच्या मास्तरांना त्यानं जिन्यावरून खाली लोटलं, आणि मास्तरांचा जीव जायच्या आत स्वतः परागंदा झाला. चौकाचौकात कागद चिकटले: उंच, खांदे रुंद, अंगात राखी लोकरी कोट. रफूवाला तेव्हा पंचविशीत होता, दुकान नुकतंच थाटलं होतं, आणि दुकानाच्या फळीवरच कुणीतरी डकवलेला तो कागद त्यानं पुढे महिनाभर रोज सकाळी वाचला होता. वर्षभरानं त्याच घरातली शिवणारी मुलगी त्याला सांगून आली. त्यानं हो म्हटलं. तिनंही हो म्हटलं. पण आता, दही वाढणाऱ्या तिच्या हाताकडे बघताना, त्याला वाटलं की ते हो जरा उशिरा आलं होतं. विहिरीत दगड टाकावा आणि आवाज यायला वेळ लागावा, तसं. तेव्हा त्यानं ते लाजण्यात जमा केलं होतं.

ती गेल्यावर त्यानं आपला हात त्या खिशात घातला. मनगटापर्यंत गेला. आत उबारा होता. लोकर म्हटली की ऊब आलीच, हे काय रफूवाल्याला शिकवायला पाहिजे? तरी त्यानं हात झटकन काढला, परक्याच्या अंथरुणात पडल्यासारखा. काय ठेवत असेल तो माणूस इथं? चिठ्ठी? कुणाची? सकाळी कुणाचा ते न सांगता एक ड्रायव्हर कोट टाकून गेला तेव्हा सोबत एक चिठ्ठी होती, तिच्यावर दोनच ओळी: भोकं बुजवा, बोभाटा नको. ज्या कोटात माणूस पळाला तो कोट परत आलाय, म्हणजे माणूसही परत आलाय. वर टेकडीवर बसलाय, खिडकीतून शहराकडे बघत. ज्या दुकानाची फळी वरून दिसते, त्या दुकानाकडे बघत.

दोन दिवस त्यानं रफू केलं, पण कापड वाचलं नाही. आणि रफूवाल्याचा निम्मा धंदा कापड वाचण्याचाच. कापडाइतकं चुगलखोर जगात दुसरं काही नाही. कारकुनाची बाही कोपरापाशी मरते, खोटं बोलणाऱ्याचं तिसरं बटण सैल असतं कारण खोटं बोलताना बोटांना चाळा लागतो, आणि ज्याचं बायकोशी पटत नाही त्याची कॉलर आतून मळते, बाहेरून नाही. एका फेरीवाल्याच्या विजारीवरून त्याला दोन घरं आहेत हे ह्या पठ्ठ्यानं ओळखलं होतं. पण ह्या कोटापुढे त्याचं सगळं पांडित्य एका वीतभर खिशात बुडालं. सुई चालत होती आणि डोकं बायकोला बघत होतं. तिला संध्याकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना टेकडीकडे तोंड करायची सवय होती; दोरीच त्या बाजूला बांधलेली होती म्हणा, आणि ती त्यानंच बांधली होती, पण कुणाच्या सांगण्यावरून? ती गुणगुणायची, आणि तो आला की थांबायची. आजवर त्याला हा मान वाटत होता. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर न्यायला येणार होता. रफूवाल्यानं त्याची वाट पाहिली नाही. कोट कागदात गुंडाळला, दुकानाला कुलूप लावलं आणि भर अकराच्या उन्हात टेकडी चढायला लागला. काय करणार होता तिथं जाऊन, हे विचाराल तर त्यालाही माहीत नव्हतं. त्याला तो माणूस फक्त बघायचा होता. त्याचं पोट सुटलंय का. केस उरलेत का.

दिवाणखान्यात सगळ्या खुर्च्यांवर खोळी होत्या, एक सोडून. ती एक खुर्ची पुसून लखलखीत ठेवलेली, तिच्या समोर स्टूल, स्टुलावर बुद्धिबळाचा पट, आणि पटाच्या अलीकडे ऐंशीच्या घरातल्या बाईसाहेब. त्यांनी मान वर केली नाही. "थांब. त्याची खेळी आहे," म्हणाल्या, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून वाट पाहिली, मग पुढे वाकून काळा उंट स्वतःच्या हातानं सरकवला आणि कपाळाला हात लावला. "घोडा गेला की रे माझा! नेहमी असंच करतो मेला." रफूवाला कोट छातीशी धरून उभा. भिंतीवर माणसाएवढं तैलचित्र होतं, आणि त्यात थोरले होते. पाठमोरे. खिडकीशी उभे, बाहेर बघत, मागे हात बांधून. "चित्रकाराला तोंड जमेना," बाईसाहेब म्हणाल्या, "म्हटलं, पाठ तरी काढ." रफूवाल्यानं ती पाठ बघितली. काय पाठ होती! पालथ्या घातलेल्या नावेसारखी. नकळत त्यानं आपली पाठ ताठ केली. सव्वीस वर्षं सुईवर वाकून ती काकडीसारखी झाली होती, मध्ये कुठंतरी कट्कन वाजली आणि पुन्हा होती तिथं गेली. आपली बायको ह्या चित्रासमोरून दोन वर्षं शिवणाची टोपली घेऊन ये-जा करत होती. दिवसातून किती वेळा? आठ? दहा?

"कुठं आहेत?" त्याच्या तोंडून गेलं.

"कोण?"

"थोरले साहेब."

बाईसाहेबांनी उजवा कान पुढे केला. एक कान त्यांना ऐकू येत नसे; कुठला, ते प्रश्नावर अवलंबून असे. "गेला," त्या म्हणाल्या. "लांब, तिकडेच. परवा पार्सल आलं, त्यात एवढा कोट. चोवीस वर्षं अंगावरून काढला नाही म्हणे माझ्या पोरानं. सोमवारी चौकशी अधिकारी येतोय. त्या मास्तरांच्या पुतण्यानं जुनी फाईल उघडायला लावली आहे. त्याला दाखवायचा. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही." मेला. रफूवाल्याच्या छातीतून एक खिळा उपटला गेला, आणि त्याच भोकात लगेच दुसरा ठोकला गेला: हे घरी सांगितलं की ती रडेल. आणि आपल्याला ते बघत बसावं लागेल. बाईसाहेब म्हणत होत्या, उलटून दाखव, काय काय केलंस ते दाखव, आणि तो आपल्या तंद्रीत कोट उलटत होता, बाही बाहेर काढत होता, तेव्हा पहिल्यांदा, तीन दिवसांत पहिल्यांदा, त्याचे डोळे त्याच्या धंद्यावर आले. काखेतलं अस्तर. कोरं करकरीत, कागदातून काढल्यासारखं. कॉलरची घडी आतून स्वच्छ. कसर लागली होती ती फक्त घडीच्या रेघांवर. आणि कसर कधी घडी खाते का? ती घाम खाते, सांडलेलं खाते, मानेचा मळ खाते. ह्या कोटात तिला माणूसच मिळाला नव्हता, म्हणून बिचारीनं नुसती लोकर खाल्ली होती. शहाण्या माणसानं इथं गप्प बसायचं असतं. पण कारागिराला जीभ आवरत नाही. "बाईसाहेब," तो म्हणाला, "हा कोट कुणी घातलेलाच नाही."

बाईसाहेबांनी पांढरं प्यादं एक घर पुढे केलं. "बस," म्हणाल्या. खुर्ची कुठली ते सांगितलं नाही, म्हणून तो खोळीवर बसला. "हुशार आहेस. मुद्दाम तुझ्याकडेच पाठवला. तुझ्या घरातलं माणूसही ह्यात आहे ना." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते इतक्या सरळ आवाजात सांगितलं, जणू घरात उंदीर झाले होते आणि त्यांचा बंदोबस्त कसा केला ते सांगतायत. मास्तरांना लोटलं ते धाकट्यानं. एकोणीस वर्षांचं पोर, मास्तर त्याच्या कवितेला हसले, झालं. पोर जिन्यावर थरथर कापत उभं, मास्तर खाली मान मोडून पडलेले, आणि बाईसाहेबांच्या हातात, त्यांच्याच हिशेबानं, पोलीस यायला पाऊण तास. पाऊण तासात त्यांनी एक मुलगा काढला. "नऊ महिने कशाला लागतात?" त्या म्हणाल्या. खरं तर परदेशातल्या थोरल्याच्या बाता त्या आधीपासूनच मारत असत, नातलगांत मान राहावा म्हणून. शहराला तो ऐकून ठाऊक होता. फक्त त्याला आठ दिवस घरी आणायचं बाकी होतं. त्यांनी स्वयंपाकिणीला बोलावलं: तू आठ दिवस थोरल्यांचं ताट केलंस. धोब्याला: तू त्यांचे शर्ट धुतलेस. माळ्याला: तू त्यांना रोज सकाळी फूल दिलंस. ज्याला त्याला आपापलं एकच काम, आणि आपलं तेवढं खोटं सोडून प्रत्येकाला वाटलं की बाकीच्यांनी त्याला खरंच पाहिलंय. आज विचार धोब्याला, तो शपथेवर सांगेल की माळ्याशी बोलताना ऐकलाय. "आणि शिवणारी होती वीस वर्षांची. तिनं माप घेतलं. पोलिसांपुढे सांगितलं तिनं. एका कोटाचं माप घेतलं, शिवून दिला, तोच घालून गेले. मागाहून मी तो शिवून घेतला, घरात असावा म्हणून. पोरगी जिभेची पक्की. नवऱ्यालाही बोलली नाही, काय?"

नवऱ्याला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. बायकोनं खोटी साक्ष दिली, तोंड उघडलं तर ती आत जाणार, आणि हे म्हातारं धूड त्याला गोड आवाजात तेच बजावत होतं. घाबरायला हवं होतं. पण त्याच्या अंगात अशी हलकी हवा शिरली होती की खुर्चीवरून वर तरंगतो की काय असं झालं. माणूसच नव्हता! ते पाठमोरं चित्रसुद्धा कुठल्या तरी पगारी हमालाला खिडकीशी उभं करून काढलेलं. बाईसाहेब काम सांगत होत्या, सोमवारपर्यंत ह्या कोटात चोवीस वर्षं घालून दे, आणि तो मान डोलावत होता. बाहेर पडताना व्हरांड्यात त्याला धाकटे साहेब भेटले. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, अंगात कोपरावर फाटलेला स्वेटर. "दादाचा कोट नेताय?" ते म्हणाले. "न्या. माझा हा स्वेटर चार वर्षं असाच आहे, तो नाही कुणी पाठवला तुमच्याकडे." "द्या की, करून देतो." "राहू द्या. आई म्हणेल, दादा असता तर स्वेटर फाटू दिला असता का." त्यांनी बाईसाहेबांच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगितलं ना तिनं तुम्हाला? मग ऐका. रोज बुद्धिबळात तो जिंकतो. मी खेळायला बसलो तर ती म्हणते, तुला काय येतंय. ताट त्याचं आधी वाढतात. गावात त्याच्या नावानं पोरं झोपवतात अजून, आणि मी रस्त्यानं गेलो तर कुत्रंसुद्धा उठत नाही. अहो, आयुष्यात एकच गोष्ट केली मी, चांगली नसेल, पण केली. तीसुद्धा त्याच्या नावावर." आणि ते हसले नाहीत. रफूवाल्याला त्यांची दया आली, आणि जो नाहीच त्याच्यावर जळायचं म्हणजे माणसानं किती खुळं असावं, असा विचार करत तो टेकडी उतरला. अर्ध्या वाटेवर तर त्यानं शीळ घातली.

शीळ दुकानाच्या कुलपाशी थांबली. कोट मेजावर पसरला, टेप हातात घेतली, चोवीस वर्षं घालायची तर अंग किती होतं ते बघायला हवं, आणि तिथं त्याच्या ध्यानात आलं. कोट हवेत कापता येत नाही. कोटाला अंग लागतं. माणूस नव्हता, पण माप होतं. आणि माप कुणाचं होतं? धाकटे काडीसारखे, त्यांच्या अंगात हा खुंटीवर टांगल्यासारखा दिसेल. त्यांचे वडील कधीच वारलेले, आणि फोटोत ते ठेंगणे वाटोळे. मग? त्याच्या मनात एक गोड विचार आला, इतका गोड की त्यानं आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. चोवीस वर्षांपूर्वी टेकडीवरच्या घराचं किरकोळ रफू त्याच्याकडेच यायचं. शिवणारी मुलगी कपडे घेऊन यायची, फळीपलीकडे उभी राहायची. तो पंचविशीत होता. तेव्हा पाठ सरळ होती. कोण जाणे. कसल्या एका परीक्षेला बसल्यासारखा तो आरशासमोर उभा राहिला आणि त्यानं कोट अंगात घातला. खांदे दंडांवर उतरले. बाह्यांत बोटं बुडाली. त्यानं छाती फुगवली, टाचा उचलल्या, श्वास कोंडला; आरशात एक म्हातारं पोर बापाच्या कोटात उभं होतं. मघाशी ती हलकी हवा होती ना, ती सगळी एका झटक्यात निघून गेली.

घरी ती भाजी निवडत होती. त्यानं टेकडीवर जे ऐकलं ते सांगून टाकलं. ती दचकली नाही, शेंगेची शीर ओढत राहिली. "बरं झालं बाई," म्हणाली, "कुणालातरी कळलं. माझ्या पोटात गोळा होता इतकी वर्षं."

"माप कुणाचं घेतलंस?"

"कुणाचं घेणार? कुणी होतं का?"

"कोट शिवलास तो कशावर?"

"बाईसाहेबांनी कागद दिला. छाती, उंची, बाही, सगळं लिहिलेलं, पुढे जागा कोरी. म्हणाल्या, आकडे तूच घाल, तुला कळतं." तिनं शेंग मोडली. "मग घातले."

"कसे?"

"कसे म्हणजे? वाटले तसे."

"काय वाटलं?"

"अहो, वीस वर्षांची होते मी. काय वाटतं तेव्हा?" आणि ती हसली; वाईट हसली नाही, पण ते हसू तो घरात येण्याच्या आधीपासूनचं होतं. "छाती बेचाळीस. खांदा एकोणीस. बाही पंचवीस आणि वर पाव, कारण हात जरा लांब. गळा साडेसोळा." आकडे तिच्या तोंडून पाढ्यासारखे आले. तो मोजत होता. एकही अडखळला नाही.

"आणि तो खिसा? तोही बाईसाहेबांनी सांगितला?"

"छे. मला वाटलं, ह्या माणसाला काहीतरी लपवायला लागेल."

त्यानं विचारायला नको होतं, पण विचारलं. "माझं माप काय?"

तिचा हात थांबला. खरंच आठवून बघितलं तिनं, कपाळाला आठी घालून. मग म्हणाली, "तुमचं काय, तुमचा जुना शर्ट समोर ठेवते नि त्यावरून कापते."

त्या दिवसापासून सोमवारपर्यंत सहा दिवस होते, आणि त्या सहा दिवसांत रफूवाल्यानं जे काम केलं तसं काम आधी कुणी केलं नाही आणि पुढे करणार नाही. जन्मभर लोकांची झीज बुजवत आलेला माणूस, आता झीज घालायला बसला. पण कसली झीज? बाईसाहेबांनी नुसती चोवीस वर्षं मागितली होती. ती कशी गेली ते रफूवाल्यावर सोडलं होतं. बेचाळीस छाती काय? त्यानं वाळूची पिशवी भरली, कोटाच्या पोटात बांधली, बटणं लावली आणि दोन दिवस तसा टांगून ठेवला. तिसऱ्या दिवशी थोरल्यांना ढेरी सुटली, काज ताणून तोंड वासून बसले, खालचं बटण दोऱ्यावर लोंबायला लागलं. खांदा एकोणीस काय? ओल्या फडक्यावर इस्त्री दाबून त्यानं डावा खांदा उतरवला, पाठीला पोक आणलं. उजव्या बाहीच्या टोकाशी त्यानं नाक पुसलं, म्हणजे थोरल्यांना पुसायला लावलं, पुन्हा पुन्हा, मग खळ आणि धूळ लावून ती बाही चामड्यासारखी कडक केली. कॉलरवर तेल. छातीवर सांडलेल्याचे डाग, कारण हात लांब असले तरी आता थरथरत होते. उजवा खिसा बाटलीच्या वजनानं फाटला, बसकणीची जागा बाकांवर झोपून झोपून चकाकली. खरवडायचा दगड फिरवताना त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, "घे! घे अजून!" गिऱ्हाईक आलं तर तो कोट झाकायचा, आणि गेलं की पुन्हा बसायचा. इतका सुखात तो लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हता. रविवारी सकाळी कोट तयार झाला. वाचता येणाऱ्यानं वाचावा: एक म्हातारा, घाणेरडा, पोट सुटलेला, नाक बाहीला पुसणारा, दारूनं हात कापणारा माणूस, ज्याच्याशेजारी बाकावर कुणी बसणार नाही. अधिकारी तो एकदा बघेल आणि फाईल बंद करील, ह्याबद्दल रफूवाल्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. पण कोट काही अधिकाऱ्यासाठी केलेला नव्हता. तिलाही कापड वाचता येत होतं. म्हणून त्यानं तो खांद्यावर टाकला आणि घरी आणला.

दुपार होती. ती गॅलरीत, उजेडात बसली होती. त्यानं कोट तिच्या मांडीवर टाकला आणि दाराला टेकून उभा राहिला. "हे घे," म्हणाला, "तुझे थोरले." तिनं तो उजेडाकडे ओढला. कोट उलटला, काख बघितली, बाही नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. तो दाराशी सरळ झाला. ती एकेक ओळ वाचत गेली. ढेरी वाचली. पोक वाचलं. बाटली वाचली. बसकणीच्या चकाकीपाशी आली तेव्हा तिची बोटं तिथं फिरत राहिली, फिरत राहिली, आणि मग तिनं कोट दोन्ही हातांनी उचलून छातीशी घेतला. "काय हाल झाले हो," ती म्हणाली. तिचा आवाज त्यानं तेवीस वर्षांत ऐकला नव्हता असा होता. "उघड्यावर झोपत होता. कुणी बघायलासुद्धा नव्हतं."

"अगं, मी केलंय ते! दगडानं केलंय!"

"माहीत आहे की." तिनं डोळे पुसले आणि डबीतला राखी दोरा शोधायला लागली. लोंबणारं बटण तिनं दोन बोटांत धरलं, जागेवर बसवून बघितलं.

"काय करतेस? उद्या द्यायचाय. अधिकारी विचारील, परागंदा माणसाचं बटण इतकं नीट कुणी लावलं म्हणून."

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "चोवीस वर्षं माणूस एकटा राहतो होय?" आणि सुई त्याच्यापुढे धरली. "जरा ओवून द्या ना. मला हल्ली दिसत नाही."

त्यानं सुई घेतली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पिळलं, नेढं उजेडाकडे धरलं. हात कापायला हवा होता. कापला नाही. पहिल्याच झटक्यात दोरा आरपार गेला, आणि ती तोवर हात पुढे करून बसली होती.